सुंदरबाईंना कोणी सांगितलं

धुळ्यातल्या त्या खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभाग सुरू झाला तेव्हा तिथे पाच खाटा होत्या, तीन मॉनिटर होते आणि श्वासाचं एकच यंत्र होतं. ते यंत्र सफाईने हाताळू शकणारी नर्सही एकच होती, बेबा चौधरी. तिला सगळे चौधरी सिस्टर म्हणत. बेबा हे नाव तिच्या गावी, भडगावच्या पलीकडे गिरणेच्या काठी राहिलं होतं.

वय अडतीस. अंगाने सडपातळ, आवाजाने कोरडी. नातेवाइकांशी ती फार बोलत नसे. विचारलं तेवढ्याला उत्तर, तेही उभ्या उभ्याच. बेशुद्ध पेशंटशी मात्र ती सारखी बोलत असे. सुई टोचायच्या आधी सांगायची, कुशीवर वळवायच्या आधी सांगायची. "आता तोंडातली नळी साफ करते, खोकला येईल, घाबरू नका." "आज शनिवार आहे. सकाळचे नऊ वाजलेत. बाहेर ऊन पडलंय."

ही सवय तिला नर्सिंगच्या शिक्षणात लागली होती. ट्यूटरबाई कडक होत्या. डोळे मिटलेत म्हणजे कान मिटलेत असं धरून चालायचं नाही, असं त्या वर्गात बजावायच्या आणि न बोलता काम करताना कोणी दिसली तर सगळ्यांसमोर झापायच्या. बेबाने ते पाळलं. पटलं म्हणून नव्हे, हाताला तसं वळण पडलं म्हणून. आपलं बोलणं कोणाला ऐकू जातं असं तिला कधी वाटलं नव्हतं. सोळा वर्षांत शुद्धीवर आलेल्या एकानेही तिला तसं सांगितलं नव्हतं. शुद्धीवर आलेली माणसं पाणी मागतात, घरच्यांना शोधतात आणि चार दिवसांनी नर्सचं नावही विसरतात.

पुढे पुढे त्या बोलण्यात कामाबाहेरचंही काही येऊ लागलं. विभागात दुसरं कोणी नसलं की बेबा शहरातली भाषा बाजूला ठेवून घरच्या खानदेशी बोलीत बोलायची. बहिणीच्या घरचं, भाच्याच्या शाळेचं, आणि कधी कधी सुरतेचं. तिचा नवरा गिरधर सुरतेला मागावर कामाला होता. दर महिन्याला त्याचं पत्र येतं, दिवाळीला तो येणार आहे, असं ती दवाखान्यात सांगत असे. पत्र येऊन सहा वर्षं झाली होती. सुरतेला त्याने दुसरा संसार मांडला होता, हे तिने कोणाला सांगितलं असेल तर याच खाटांवरच्या माणसांना.

मार्च महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, सुंदरबाई पाटील यांना आणलं. वय पंचावन्नच्या आसपास, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातल्या. शिरपूरला लेकीकडे जाऊन नवरा-बायको परतत होती. नरडाण्याच्या अलीकडे जीप उलटली. नवरा, अभिमन पाटील, जागच्या जागी गेला. सुंदरबाईंच्या डोक्याला मार लागून मेंदूला सूज आली होती, तीन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना लगेच यंत्रावर घेतलं आणि बाहेर येऊन त्यांच्या मुलाला सांगितलं, "आठवडाभर काही विचारू नका. मलाच माहीत नाही."

मुलाचं नाव भटू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय तिशीचं, चेहरा सरळ. बापाचं शव ताब्यात घ्यायचं होतं आणि आई इथे पडलेली. तो दोन्हीकडे धावत राहिला. भेटीच्या वेळेत आत यायचा, चपला बाहेर काढून, अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा चढवून खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा. दहा मिनिटं झाली की निघून जायचा.

तिसऱ्या दिवशी बेबा त्याला म्हणाली, "त्यांच्याशी बोला थोडं. हात धरा."

"ऐकू येतं का त्यांना?"

"सांगता येत नाही."

तो खाटेच्या उशाशी गेला. आईचा हात हातात घेतला. तोंड उघडलं आणि मिटलं. मग हात जिथे होता तिथे नीट ठेवून, जणू काही मोडेल अशा बेताने, तो बाहेर गेला. नंतर त्याने तसा प्रयत्नही केला नाही. आईशी बोलायला लागलो तर बापाचं तोंडातून निघेल, अशी धास्ती त्याला असावी. बेबाने पुन्हा म्हटलं नाही. नातेवाइकांना दोनदा सांगायचं नाही, हा तिचा नियम होता.

सातव्या दिवशी यंत्र काढलं. सुंदरबाईंचा श्वास आपला आपण चालू लागला, पण डोळे उघडले नाहीत. चिमटा काढला की कपाळाला आठी पडायची, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "चांगलं लक्षण आहे." बेबा रोज दर दोन तासांनी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायची, पाठ पुसून पावडर लावायची, ओल्या बोळ्याने तोंड साफ करायची आणि प्रत्येक वेळी आधी सांगायची. सुंदरबाई आपल्याच बोलीच्या म्हटल्यावर तिने पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी बोलीतच बोलायला सुरुवात केली होती.

दहाव्या दिवशी चार वाजता भटू आला तो डोक्याला रुमाल बांधून. पायथ्याशी उभा राहिल्यावर त्याने रुमाल काढला. डोक्याचा गोटा केलेला होता. उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर ते पांढरं डोकं दुसऱ्याच कोणाचं असावं तसं दिसत होतं. तो आईकडे बघत राहिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बेबाने त्याला वेळ झाल्याचं सांगितलं नाही. शेवटी त्यानेच रुमाल बांधला आणि एक शब्द न बोलता तो गेला.

त्यानंतर बेबा सुंदरबाईंचं तोंड साफ करायला बसली. विभागात दुसरं कोणी नव्हतं. बाकीच्या खाटांवरचे दोघे झोपेच्या औषधाखाली होते. बोळा फिरवता फिरवता, आजचा वार सांगावा त्याच आवाजात ती म्हणाली,

"आज गुरुवार शे, माय. तुना आंडोर, भटू, उना व्हता. टक्कल करेल शे त्यानं. तुना धनी गया. जीप पलटनी ना, तठेच गया. आज दहावा व्हता. भटू बोलना नही काही, नुसता उभा राहिना."

सुंदरबाईंच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. बेबाने बोळा टाकला, हात धुतले आणि तक्त्यावर वेळ लिहिली. तिला वाईट वाटलं नाही की बरंही वाटलं नाही. या बाईला कोणीतरी सांगायला हवं होतं, ते सांगून झालं, इतकंच. मग सवयीने तिने आपल्या घरचंही दोन वाक्यं बोलून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे वळली.

बाराव्या दिवशी सकाळी सुंदरबाईंनी डोळे उघडले.

विभागात धावपळ झाली. डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं धरायला लावली. सुंदरबाईंनी बोटं धरली. निरोप गेला आणि दुपारच्या आत भटू, त्याची बहीण लताबाई आणि चुलते जीवराम नाना असे तिघे आले. आत जायच्या आधी डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात थांबवलं. "नवऱ्याचं इतक्यात सांगू नका. महिनाभर तरी नको. धक्का सोसायचा नाही त्यांना."

भटूने डोक्यावर टोपी घट्ट ओढली आणि आत गेला. बेबा सलाईन बदलत होती.

"आई, बाबांना नाशिकला नेलंय," तो म्हणाला. वर्गात धडा वाचून दाखवावा तसं तो बोलत होता. "पायाचं हाड मोडलंय. प्लास्टर घातलंय. बरे आहेत. तुझी विचारपूस करत होते."

सुंदरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग डोळे मिटले.

"समजलं तिला," भटू बाहेर येऊन म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी गावी तेराव्याचं जेवण. त्यामुळे दवाखान्यात कोणीच नव्हतं, फक्त व्हरांड्यात एक दूरचा भाचा बसलेला. सकाळी अकराच्या सुमारास बेबा सुंदरबाईंचं अंग पुसत होती. आदल्या दिवसापासून त्या पाण्याखेरीज काही बोलल्या नव्हत्या. नळीने घसा सोलवटला होता, आवाज म्हणजे नुसती फुंकर. बेबा त्यांचा हात उचलून काखेत टॉवेल फिरवत असताना त्यांनी विचारलं,

"तेरावा आज शे ना?"

बेबाचा हात थांबला. "कोणाचा?" ती म्हणाली, आणि आपण किती वेडगळ प्रश्न विचारला हे तिचं तिलाच कळलं.

"दहावा गुरुवारले व्हता. तूच तं सांगं माले." सुंदरबाईंनी श्वास घेतला. "आज रैवार शे. मंघशी त्या नवी सिस्टरनं म्हनं."

बेबाने त्यांचा हात खाली ठेवला. टॉवेल बादलीत टाकला, पिळला, पुन्हा टाकला. सोळा वर्षांत तिने काय काय बोलून ठेवलं होतं आणि कोणाकोणापाशी, याचा हिशेब लावायचा तिने एक क्षण प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"अजून काय ऐकलं तुम्ही?" तिने विचारलं. बोली सुटून तिच्या तोंडी शहरातली मराठी आली होती.

"बठ्ठं नही. मधमधलं. तुना आवाज वळखू ये. बाकीना आवाज दूरना वाटेत." त्या थांबल्या. छत बघत म्हणाल्या, "तुना सुरतवाला चिठ्ठी लिखस नही ना?"

 बेबाचे कान तापले. कपडे बदलताना कोणी दार ढकलून आत यावं तसं तिला झालं. पण सुंदरबाई तिच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात उचलत नव्हता. बेबाने टॉवेलच्या कोरड्या टोकाने पुसलं. ओघळलं तसं पुसत राहिली. पंधरा-वीस मिनिटं ते चाललं. मधे सुगंधा नावाची नवी नर्स आत डोकावली. बेबाने तिला हाताने परत पाठवलं.

"त्यांना सांगू का मी, तुम्हाला माहीत आहे म्हणून?" बेबाने शेवटी विचारलं.

"नको. भटू इतला जीव तोडीसन खोटं बोली राहिना. तेले बोलू दे."

त्यानंतरचे दिवस दोघींना जडच गेले. भटू यायचा आणि नाशिकची बातमी सांगायचा. बाबा आता कुबड्या घेऊन उभे राहिले. बाबांना तिथलं जेवण आवडत नाही. सुंदरबाई मान हलवायच्या. एकदाही त्यांनी नवऱ्याबद्दल स्वतःहून विचारलं नाही. डॉक्टरांनी त्यावरून निदान केलं, की माराने स्मरणशक्ती थोडी गेली असावी. बेबा शेजारी तक्ता धरून उभी होती. तिने ऐकून घेतलं.

बेशुद्ध पेशंटशी बोलणं त्या आठवड्यात तिने बंद केलं होतं. म्हणजे कामापुरतं बोलत होती, सुई, नळी, वार, वेळ. त्यापुढे जीभ रेटत नव्हती.

सोळाव्या दिवशी सुंदरबाईंना साध्या वॉर्डात हलवलं. दोन दिवसांनी दुपारी लताबाई बेबाला शोधत वर आली. पदराखाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सिस्टर, एक काम करा आमचं." तिने कागद उलगडला. आत हिरव्या बांगड्यांचा जोड आणि कुंकवाची डबी. "आईच्या बांगड्या इथे आणलं त्या दिवशी काढल्या होत्या. आता ती सारखी हाताकडे बघते. तिला शंका येईल. तुम्ही भरा."

"तुम्हीच भरा ना."

लताबाईची मान खाली गेली. "नाना म्हणतात, घरच्या बाईच्या हाताने नको. तेरावं झालंय. आता बांगड्या भरणं बरं नव्हे. ते तर नकोच म्हणत होते. मीच हट्ट धरला, की सिस्टरांचं वेगळं, त्यांना काय बाधायचं."

आपल्याला काय बाधायचं, हे बेबाने मनात एकदा घोळवलं. नाही म्हणता आलं असतं. पण ती लताबाईबरोबर जिना उतरून खाली गेली.

वॉर्डाच्या दाराशी जीवराम नाना काठी टेकून उभे होते. त्यांनी बेबाकडे पाहून तोंड फिरवलं. सुंदरबाई उशीला टेकून बसल्या होत्या. बेबा त्यांच्याजवळ स्टुलावर बसली आणि कागद मांडीवर उघडला. दोघींची नजरानजर झाली. सुंदरबाईंनी बांगड्या पाहिल्या, मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लताबाई हसायचा प्रयत्न करत होती. सुंदरबाईंचा हात चादरीवर थोडा पुढे आला. बेबाला वाटलं, लेकीसाठी ही बाई हेही करून घेणार.

बेबाने एक बांगडी उचलली. बोटांच्या पेरांवर ती टेकली. सुंदरबाईंनी हात मागे घेतला आणि चादरीखाली लपवला.

"राहू दे, लता," त्या म्हणाल्या. "माले माहीत शे."

लताबाईच्या तोंडून आवाज फुटला तो नुसता हुंदका होता. ती आईच्या पायांवरच कोसळली. जीवराम नाना काठी आपटत आत आले. "कोणी सांगितलं? कोणी सांगितलं वहिनींना? डॉक्टरांनी बजावलं होतं!" त्यांनी वॉर्डभर पाहिलं आणि त्यांची नजर बेबावर येऊन थांबली. बेबा हातात बांगडी धरून बसली होती. ती बोलायला गेली. मी, एवढा शब्द तिच्या ओठांवर आला होता.

"भटूनी सांगं," सुंदरबाई म्हणाल्या. "दहावाले उना व्हता तो. मना हात धरीसन सांगं तेनी."

भटू त्याच वेळी चहाचा थर्मास घेऊन दारात उभा होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने थर्मास हळूच खिडकीत ठेवला. नानांचा चेहरा सैल झाला. ते पुढे झाले आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर केला रे तू," ते म्हणाले. "तेच बरं झालं. लेकानंच सांगायचं असतं."

 बेबाने बांगड्या कागदात गुंडाळून लताबाईच्या पिशवीत ठेवल्या आणि वर निघून गेली.

अर्ध्या तासाने तो जिन्यावर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात होती. डोक्यावर केसांचे खुंट उगवले होते.

"सिस्टर, मी बोललो नव्हतो. तुम्ही होता तिथे. मी बोललो का काही? मला तर आठवत नाही."

बेबाने क्षणभर विचार केला. एक शब्द खोटा बोलायचा अवकाश, या माणसाची सुटका होणार होती. पण गेला आठवडाभर या दवाखान्यात खोटं पुष्कळ झालं होतं, आणि त्यात तिचंही होतं.

"नाही बोललात," ती म्हणाली. "मी सांगितलं. तुम्ही गेल्यावर. त्या ऐकत असतील असं वाटलं नव्हतं."

"ऐकत नाहीत असं वाटत होतं, तर मग सांगितलं कशाला?"

 "सवय आहे," ती म्हणाली.

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. डॉक्टरांकडे जाईल, तक्रार करेल. तो जिन्याच्या पायरीवर बसला. टोपीची कडा चिमटीत धरून फिरवत होता. "काय सांगितलं? शब्द कोणते होते?"

बेबाने त्याला सांगितलं, त्याच बोलीत, त्याच क्रमाने. जीप पलटनी, तठेच गया, आज दहावा. भटू बोलना नही, नुसता उभा राहिना. शेवटच्या वाक्याला त्याने मान वर केली.

"एवढंच?"

"मला एवढंच माहीत होतं."

"मग बाकीचं तिला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला, बेबाला नव्हे, स्वतःशीच. तो उठला, टोपी खिशात कोंबली आणि खाली गेला.

थोड्या वेळाने बेबाला वॉर्डात एक औषध द्यायला जावं लागलं. नाना आणि लताबाई बाहेर बाकावर होते. आत भटू आईच्या खाटेवर, अगदी उशाशी बसला होता आणि बोलत होता. गावच्या बोलीत, न थांबता. बाबांना कोणत्या गाडीतून घरी आणलं ते. अंगावर निळा सदरा होता, तोच ठेवला ते. नथ्थूकाकाने लाकडं फोडली, दोंडाईच्याहून मिरचीबाजारातली बाबांच्या ओळखीची दहा-बारा माणसं आली, शाळेतले मास्तर आले ते. सुंदरबाई ऐकत होत्या. डोळे वाहत होते, पण मधे मधे त्या थांबवून विचारत होत्या.

"भिकुबाई उनी व्हती का?"

"उनी व्हती. तिनंच रांधं तेरावाले."

"आनि पानी? पानी कोनं पाजं तेस्ले शेवटलं?"

भटू अडखळला. मग म्हणाला, "पाजाले वेळच नही भेटना, आई. मी गऊ तवय बाबा जायेल व्हतात."

सुंदरबाईंनी मान हलवली आणि त्याचं उघडं डोकं जवळ ओढून त्यावर हात ठेवला. बेबाने गोळी आणि पाण्याचा पेला शेजारच्या कपाटावर ठेवला आणि आवाज न करता बाहेर आली. पुढच्या सोमवारी त्यांना घरी सोडलं. टेम्पोत मागे गादी टाकली होती, त्यावर सुंदरबाईंना आडवं केलं आणि भटू त्यांच्या शेजारी बसला. गाडी सुरू झाली तेव्हाही तो काहीतरी सांगतच होता.